आउटबोर्ड स्टार्ट घेत नाही? आधी प्लगला विचारा

आजचा भाग कोकण किनाऱ्यावर छोटी होडी चालवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरी बाबा किंवा काका चालवतात त्यांच्यासाठीसुद्धा. दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी आउटबोर्ड इंजिन सुरू होत नाही, तेव्हा कारण कसं शोधायचं ते बघू. बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे दिलंय, म्हणजे इंजिनापाशी उभं राहून मोबाईलवर वाचता येईल.

हा त्रास ऑगस्टमध्ये जास्त होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे इंजिन दोन महिने पडवीत. टाकीत उरलेलं पेट्रोल, हवेत दमटपणा, वायरींवर मीठ. जेटीवर इंजिन रुसलं तर फक्त घाम जातो. पण खाडीच्या तोंडाशी, ओहोटी लागलेली असताना ते बंद पडलं आणि परत सुरू झालं नाही, तर होडी खडकावर जाते नाहीतर बाहेर समुद्रात ओढली जाते. म्हणून हे किनाऱ्यावरच शिकून ठेवायचं.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण आणि सिलेंडरमधला दाब. तिन्हींतली कुठली कमी पडते ते कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. आज एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

पहिली दोन मिनिटं: फुकटातल्या गोष्टी

किल स्विचची लाल क्लिप जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असेल तर टाकीत हवा शिरत नाही, आणि थोड्या वेळाने पेट्रोल येणं थांबतं.

आता पाइपवरचा रबरी बल्ब दाबा. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि बाणाची बाजू वर धरून दाबायचं. चार-सहा वेळा दाबल्यावर बल्ब कडक झाला पाहिजे. मऊच राहिला तर कुठेतरी हवा ओढली जातेय. बहुतेक वेळा कनेक्टरमधली छोटी रबरी रिंग झिजलेली असते, किंवा बल्बचा व्हॉल्व्ह गेलेला असतो. बल्ब चपटा होऊन तसाच राहिला, तर टाकीकडून पेट्रोल येत नाहीये.

प्लग ओला की कोरडा?

एवढं करून दहाएक वेळा दोरी ओढली, तरी इंजिन गप्प. आता थांबा. प्लग काढा आणि नीट बघा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलेंडरपर्यंत पोचत नाहीये. ओला असेल तर पेट्रोल येतंय. मग एकतर ठिणगी नाही, नाहीतर चोक लावून जास्त ओढल्यामुळे इंजिन फ्लड झालंय. फ्लड झालं असेल तर प्लग पुसून वाळवा, किल स्विचची क्लिप काढा, आणि प्लग बाहेर ठेवूनच दोरी चार-पाच वेळा ओढा. थोडं थांबून प्लग आणि क्लिप परत लावा, मग चोक न लावता प्रयत्न करा. प्लगवर पाण्याचे थेंब दिसले तर दोष पेट्रोलमध्ये शोधायचा.

ठिणगी कशी बघायची

इथे सावध राहा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, तिथेच ठिणगी पाडली तर आग लागू शकते. म्हणून मूळ प्लग जागेवर बसवा आणि टोपीत दुसरा, चांगला प्लग लावा. तो क्लिपने इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. हाताने धरू नका, जोरात झटका बसतो. दोन सिलेंडर असतील तर दोन्ही टोप्यांना असंच करा; टोपी मोकळी ठेवून दोरी ओढली तर सीडीआय बिघडू शकतो.

ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट, अशक्त असेल किंवा अजिबात नसेल, तर बहुतेक इंजिनांत एक सोपी चाचणी करता येते. किल स्विचची वायर तात्पुरती सोडवा. ठिणगी आली तर स्विच खराब. पण ही वायर तशीच सोडून समुद्रात जाऊ नका. तुम्ही पाण्यात पडलात तर इंजिन बंद करणारी तीच आहे. वायर काढूनही ठिणगी नसेल, तर कॉइल आणि सीडीआय मेकॅनिककडून तपासून घ्या.

पेट्रोलची गंमत

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी धरतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते! टू-स्ट्रोकमध्ये तर मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे तळाचं मिश्रण ओढून इंजिन चाललंच, तरी ते ऑइलशिवाय चालणार.

तपासायचं कसं? कार्ब्युरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू उघडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल भरा.

दुसरी खूण: इंजिन चोकवर सुरू होतं आणि चोक काढला की मरतं. म्हणजे बहुधा कार्ब्युरेटरचा छोटा जेट चिकट झालाय. जेट क्लीनरने आणि हवेने साफ करा. आत तार घालू नका, भोक मोठं होतं.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी नाही?

मग दाब. दोरी नेहमीपेक्षा हलकी लागते का? गेज लावून सगळे सिलेंडर मोजा. एक दुसऱ्यापेक्षा बराच कमी असेल, तर पिस्टन रिंग, गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह. हे काम गॅरेजचं. बटन स्टार्ट असेल तर आधी बॅटरी बघा: भरलेली १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर, नाहीतर टर्मिनलवर गंज.

इंजिन थंड असताना छान चालतं आणि गरम झालं की सुरू होत नाही? मग चाचणीही गरम असतानाच करा. गरम झाल्यावर ठिणगी तोडणारी कॉइल थंड झाल्यावर पकडता येत नाही.

घरी इंजिन चालवून बघताना खालचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवा. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर फार लवकर जळतो. आणि पुढच्या मे महिन्याच्या शेवटी गोड्या पाण्याने फ्लश करा, पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा करा, मगच इंजिन पडवीत ठेवा.

होडीत एक जादा प्लग, प्लगचा पाना, दोरीचा तुकडा आणि वल्हं कायम असू द्या. तुमचं इंजिन नेमकं कुठल्या पायरीवर अडतंय ते कळवा: प्लग ओला होता की कोरडा, हे मात्र नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!