कोणती नौका मोठी ?

गेल्या सत्रांत मधल्या सुटीच्या वेळीं आठवीच्या वर्गांतील दोन मुलगे माझ्यापुढें एक तंटा घेऊन आले. संगणकावर खेळावयाच्या 'एलीट डेंजरस' या खेळांतील अ‍ॅनाकोंडा नांवाची अवकाशनौका साइडवाइंडर या लहानग्या नौकेच्या किती पट मोठी, हा तो तंटा. एक म्हणे दहा पट, दुसरा म्हणे सोळा पट. परस्परांस लबाड ठरवून दोघांनीं चार दिवस अबोला धरला होता. मीं घाईनें पहिल्याच्या बाजूनें निकाल दिला व दुसरा हिरमुसला होऊन निघून गेला. रात्रीं कागदावर आंकडे मांडले, तेव्हां आपण त्या मुलास विनाकारण खोटें पाडलें, हें माझ्या ध्यानांत आलें.

हा खेळ इंग्लंडांतील केंब्रिजचा. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांनीं तेथील विद्यापीठांत शिकत असतां मूळ 'एलीट' रचला. तो १९८४ सालीं निघाला. 'एलीट डेंजरस' २०१४ च्या डिसेंबरांत आला. खेळणारास आरंभीं साइडवाइंडर मिळते. पैसा जोडतां जोडतां तो अ‍ॅनाकोंडापर्यंत पोंचतो.

साइडवाइंडरची लांबी १४.९ मीटर, रुंदी २१.३ व उंची ५.४, म्हणजे लांबीनें ती क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही आंखूड. अ‍ॅनाकोंडाची लांबी १५२.४ मीटर, रुंदी ६१.८ व उंची ३२. (१५२.४ मीटर म्हणजे बरोबर ५०० फूट !) लांबीस लांबीनें भागलें तर उत्तर दहा. परंतु नौका ही कांहीं दोरी नव्हे. प्रत्येक नौका जींत नेमकी मावेल अशी एकेक पेटी कल्पिली, तर त्या पेट्यांचें घनफळ सुमारें ३,०१,००० व १,७०० घनमीटर भरतें. हा फरक सुमारें १७६ पटींचा झाला !

मग सोळा कोठून आले ? रिकाम्या सांगाड्यांच्या वजनांतून. साइडवाइंडरचें २५ टन, अ‍ॅनाकोंडाचें ४००. दुसऱ्या मुलानें हेच आंकडे घेतले होते. त्याचा भागाकार बिनचूक होता. चमत्कारिक आहे तें वजनच. त्या मोठ्या पेटीच्या घनफळानें ४०० टनांस भागलें, तर एका घनमीटरास सुमारें १.३ किलोग्रॅम येतो, आणि आपल्या भोंवतालची हवाही जवळजवळ तितकीच जड असते. नौका पेटीचा अर्धाच भाग व्यापते असें धरलें, तरी ती बुचाच्या लांकडाहून कितीतरी हलकी ठरते.

खऱ्या यानांशीं ताडून पाहूं. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक १०९ मीटर रुंद व सुमारें ४२० टनांचें आहे. पण त्याचा पसारा मुख्यत्वें तुळया व सूर्यप्रकाशाच्या तावदानांचा. अमेरिकेचें स्पेस शटल, जें २०११ सालीं निवृत्त झालें, तें ३७ मीटर लांब व रिकामें असतां सुमारें ७८ टन होतें. तेंच त्याच घडणीनें चौपट लांब केलें, तर वजन चौसष्टपट, म्हणजे सुमारें ५,००० टन होईल. लांबी वाढली कीं पृष्ठभाग वर्गाच्या व वजन घनाच्या प्रमाणांत वाढतें, हें गॅलिलिओनें १६३८ सालच्या ग्रंथांत हाडांच्या उदाहरणानें समजाविलें आहे. खेळ रचणारांनीं तें मनावर घेतलेलें दिसत नाहीं; आणि त्या हलकेपणामुळेंच ही अवाढव्य नौका ताऱ्याताऱ्यांमधील लांब उड्यांसाठीं खेळाडूंत प्रसिद्ध झाली.

बंदरांत मात्र वजनास कोणी विचारीत नाहीं. उतरण्याचे ओटे तीन मापांचे असतात आणि अ‍ॅनाकोंडास मोठाच ओटा लागतो. तो नसलेल्या लहान ठाण्यांवर तिला थारा नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दोघांस बोलावून मीं आपली चूक कबूल केली व हीं गणितें फळ्यावर मांडून दाखविलीं. सोळावाला हंसला. मग मोजपट्टी घेऊन दोघेही मैदानावर गेले. अ‍ॅनाकोंडाचें शेपूट इमारतीच्या भिंतीशीं टेकविलें, तर तिचें नाक कुंपण ओलांडून रस्त्यापलीकडच्या वखारींत शिरतें, असें ते धांवत येऊन सांगूं लागले.