‘हिम’ला पुढची जागा का मिळते?

नांदुऱ्याचा मोठा मारोती 105 फुटी. महामार्गावरून जाताना तो दिसला नाही असं होत नाही. समजा, काल तिथं गण्या भेटला. मलकापूर ते शेगाव या पट्ट्यातला माणूस घरी येऊन सांगेल, ‘म्या काल मारोतीपाशी गण्याले पाह्यलं.’ हेच शाळेतल्या इंग्रजीत : ‘आय सॉ गण्या नियर द स्टॅच्यू यस्टर्डे.’

आता इंग्रजी वाक्य शेवटाकडून वाचत या. यस्टर्डे, स्टॅच्यू, नियर, गण्या, सॉ. आणि वऱ्हाडी वाक्य सरळ वाचा. काल, मारोती, पाशी, गण्याले, पाह्यलं. कर्ता तेवढा दोन्हीकडे पहिला. बाकी सगळं हुबेहूब उलटं, जणू मधे आरसा धरलाय. ‘पाशी’ मारोतीच्या मागून येतं आणि ‘नियर’ पुतळ्याच्या आधी, म्हणजे शब्दयोगी अव्ययापर्यंत उलटापालट पोचलेली. दोन्हीकडे क्रियापदाला खेटून कर्म, त्याच्या पलीकडे स्थळ, सगळ्यात लांब काळ. हा क्रम कुणी ठरवून दिलेला नाही. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आणि आधी ठेवणाऱ्या भाषांमध्ये असं प्रतिबिंब पुष्कळदा सापडतं, पण आपल्याच तोंडच्या वाक्यात ते पाहिलं की माणूस दचकतो.

खरी मजा पुढे आहे. गण्याचं नाव काढा, सर्वनाम घाला.

‘म्या त्याले काल मारोतीपाशी पाह्यलं.’

‘त्याले’ उठून पुढे गेलं! क्रियापदाजवळची जागा सोडून, काळ आणि स्थळ दोघांनाही ओलांडून. मुद्दाम कुणी असं करत नाही. तसंच तोंडात येतं. इंग्रजीत मात्र ‘आय सॉ हिम नियर द स्टॅच्यू यस्टर्डे’. ‘हिम’ सॉला चिकटून बसलेला, जागचा हललेला नाही. आरसा इथं फुटला.

फुटला कशामुळे? सर्वनाम आपण कधी वापरतो ते पाहा. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो तेव्हा. ठाऊक असलेलं आधी उरकायचं आणि बातमी मागाहून सांगायची, ही बोलणाऱ्याची सवय जवळजवळ सगळीकडची. वाक्य उलटं रचता येतं, पण बोलणं सगळ्यांचं एकाच दिशेनं पुढे जातं. मराठीत ‘आधी’ म्हणजे क्रियापदापासून दूर. इंग्रजीत क्रियापदच आधी येऊन बसलेलं, त्यामुळे त्याच्यानंतरची पहिली जागा हीच कर्माला मिळू शकणारी सगळ्यात आधीची जागा. ‘हिम’ हलला नाही असं वाटतं, पण तोही ‘त्याले’सारखा रांगेत सगळ्यांच्या पुढेच उभा आहे.

हे पटत नसेल तर ‘पिक अप’ घ्या. ‘पिक अप द बॅग’ चालतं, ‘पिक द बॅग अप’ही चालतं. सर्वनाम आलं की ‘पिक इट अप’ एवढंच. ‘पिक अप इट’ म्हटलं की गुण गेले. उलट कर्म लांबलचक असेल, म्हणजे अमक्या गावचा, तमक्याचा मेहुणा, लाल फेटेवाला माणूस, तर इंग्रजी त्याला खुशाल वाक्याच्या शेवटी ढकलते आणि स्थळकाळ आधी उरकून घेते. ‘हिम’ला ती मुभा नाही.

डॅनिश भाषेत तर हे उघड्यावर घडतं. साध्या वाक्यात नकाराचा शब्द नामाच्या आधी येतो. नामाऐवजी सर्वनाम आलं की ते नकारावरून उडी मारून पुढे जातं. आन्डर्स होल्मबर्ग यांनी 1986 मध्ये या उडीची अट मांडली : क्रियापद आधी पुढे सरकलेलं असेल तरच सर्वनाम सरकतं. त्याहून जुनी नोंद आपल्या घरची. संस्कृतातली मा, मे, त्वा, ते ही छोटी रूपं पाणिनीने आठव्या अध्यायात सांगितली आहेत : त्यांना स्वतःचा उदात्त स्वर नाही, श्लोकाच्या चरणारंभी ती येत नाहीत. 1892 मध्ये याकोब वाकरनागेल या स्विस पंडिताने ग्रीक, संस्कृत, लॅटिन शेजारी मांडून दाखवलं की असे बिनजोराचे शब्द वाक्यातल्या पहिल्या शब्दाच्या पाठोपाठ येतात. ‘म्या’च्या मागोमाग आलेलं ‘त्याले’ पाहून त्याला ओळख पटली असती, असं मला वाटतं.

इंग्रजीचा हट्ट आणखी एका कारणाने नवलाचा. नामांच्या विभक्त्या झिजल्या, म्हणून कोण कर्ता आणि कोण कर्म हे जागेवरून ओळखायची वेळ त्या भाषेवर आली. पण सर्वनामांनी विभक्ती टिकवली. ‘हिम’ कुठेही ठेवला तरी कर्म म्हणून ओळखू येईल. म्हणजे ज्याला मोकळं फिरता आलं असतं तोच सगळ्यात घट्ट बांधलेला. बरं, हा ‘हिम’ मुळात चतुर्थीचा. द्वितीयेचं जुनं रूप ‘हिने’ होतं, ते मागे पडलं आणि चतुर्थीने दोन्ही कामं अंगावर घेतली. आपण शाळेत ‘स, ला, ते’ दोन्ही विभक्त्यांखाली घोकलंच आहे. वऱ्हाडीतही ‘त्याले पाह्यलं’ आणि ‘त्याले पैसे देल्ले’, दोन्हीकडे तोच ‘ले’.

सर्वनामच बातमी असेल तेव्हा? ‘काल मारोतीपाशी म्या त्यालेच पाह्यलं!’ एक ‘च’ लागला आणि ‘त्याले’ पुन्हा क्रियापदाला येऊन चिकटलं, गण्याच्या जागी. इंग्रजीत ‘हिम’ तिथंच राहतो, फक्त आवाज चढतो. ‘इट’ची अवस्था त्याहून वाईट. बोट दाखवून ‘तेच उचल’ म्हणायचं असेल तर त्याच्यावर जोर पेलतच नाही, त्याच्याऐवजी ‘दॅट’ला बोलवावं लागतं. आणि ‘पिक अप दॅट’ मात्र कुणालाही खटकत नाही.