फिल्टर चुकला तर त्या मेलचं काय होतं?

मेल सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन आणि क्लॅमएव्ही बसवले की नको ते मेल आपोआप नाहीसे होतात, असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात स्पॅमअसॅसिन एकही मेल पुसत नाही की अडवत नाही. निरनिराळे नियम लावून तो मेलला गुण देतो, बेरीज हेडरमध्ये लिहितो आणि बाजूला होतो. क्लॅमएव्हीही ओळखीचा व्हायरस सापडला की नाही, एवढंच सांगतो. पुढे मेल दारातच नाकारायचा, स्पॅम फोल्डरमध्ये टाकायचा, क्वारंटाइनमध्ये ठेवायचा की पुसून टाकायचा, हे सर्व्हर सांभाळणारा माणूस पोस्टफिक्स (मेल सर्व्हर) किंवा ॲमाविस (सर्व्हर आणि फिल्टर यांना जोडणारा दुवा) यांच्या सेटिंगमध्ये ठरवतो. त्यामुळे ‘कोणता फिल्टर चांगला’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. फिल्टर कधीतरी चुकणारच आणि चुकीने पकडलेला मेल कुठे जाईल हे आधी ठरवून ठेवणं, हेच सेटिंगचं खरं काम आहे.

जितका कडक फिल्टर तितकं बरं, हा गैरसमज फिल्टर चुकतो हे विसरल्यानेच सुरू होतो. स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादा ५ गुणांची आहे, आणि अनेकजण उत्साहाने ती तीनवर आणतात. पण त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रात ५ हीच मर्यादा बरीच आक्रमक म्हटली आहे. ती एकट्या माणसाच्या मेलला चालेल, मोठ्या सेवादात्याने ८ किंवा १० ठेवावी, असा तिथला सल्ला आहे. हा सल्ला का, ते १ जानेवारी २०१० रोजी दिसलं. तारखेत २०१० किंवा त्यापुढचं साल असेल तर मेल भविष्यातला, म्हणून संशयास्पद, असा एक जुना नियम त्यात राहून गेला होता. नवं वर्ष उजाडताच साध्यासुध्या पत्रांनाही बहुतेक सेटिंगमध्ये तीनपेक्षा जास्त गुण चिकटू लागले. ज्यांची मर्यादा पाच होती त्यांच्याकडे काही चांगले मेल अडकले. ज्यांनी ती तीनवर आणली होती त्यांच्याकडे काय झालं असेल ते सांगायला नको. भाषेचंही असंच. मेलची भाषा ओळखणारं एक प्लगिन स्पॅमअसॅसिनसोबत येतं. ते चालू करून चालणाऱ्या भाषांच्या यादीत फक्त इंग्रजी ठेवली, तर मराठी पत्राला मराठी असल्याबद्दलच गुण मिळतात.

संशयास्पद सर्व्हरांच्या काळ्या यादीत पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता सापडला की थेट नकार द्यावा, असंही सर्रास केलं जातं. ओआरडीबी नावाची अशी यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक पत्त्याला ‘हो, यादीत आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि त्या एका उत्तरावर विसंबलेल्या सर्व्हरांनी येणारा प्रत्येक मेल नाकारला. ज्यांनी यादीच्या होकाराला फक्त काही गुण ठेवले होते, त्यांचं फारसं बिघडलं नाही.

मग नाकारावं कसं? मेल आत घ्यायचा, तपासायचा आणि नंतर ‘तुमच्या पत्रात व्हायरस होता’ असं पाठवणाऱ्याला कळवायचं, ही रीत सभ्य वाटते. पण २००३चा सोबिग-एफ आणि २००४चा मायडूम हे व्हायरस पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालत. त्यामुळे अशा सूचना भलत्याच निरपराध लोकांच्या माथी पडल्या. जोडणी चालू असतानाच तपासून ५५० क्रमांकाने नकार दिला, तर हा घोळ टळतो: समोर खरा मेल सर्व्हर असेल तर तोच आपल्या माणसाला कळवतो, आणि समोर स्पॅम ओकणारा प्रोग्राम असेल तर बहुधा कोणालाच काही जात नाही. यावर आक्षेप असा, की यामुळे स्पॅम पाठवणाऱ्याला आपला फिल्टर कळतो. नकाराचा मजकूर मोघम ठेवला तर फार काही कळत नाही. शिवाय गुपचूप पुसण्याची किंमत वेगळीच आहे: चुकीने पकडलेलं टेंडर किंवा रुग्णाचा रिपोर्ट हरवला, हे दोन्ही बाजूंना कळतच नाही. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. तपासणी होईपर्यंत समोरचा ताटकळतो. म्हणून स्वस्त तपासण्या आधी आणि ॲटॅचमेंट उघडून बघणं शेवटी, असा क्रम लावतात.

व्हायरस तपासणी बंद पडली तर काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एप्रिल २०१० मध्ये क्लॅमएव्हीने ०.९४ आणि त्याआधीच्या आवृत्त्या अपडेटमधूनच बंद केल्या. अशा वेळी मेल न तपासता आत सोडणं धोक्याचं, आणि कायमचा नाकारणं अन्यायाचं. चारने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा तात्पुरता नकार दिला तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो; प्रमाणित नियमांनुसार त्याने साधारण चार-पाच दिवस तरी हार मानायची नसते. तेवढ्यात कोणीतरी जागं होतं. पासवर्ड लावलेली झिप फाइल मात्र स्कॅनर चालू असूनही आतून दिसत नाही. तिला ‘व्हायरस नाही’ असा शेरा मिळाला तर त्याचा अर्थ ‘पाहता आलं नाही’ एवढाच घ्यायचा आणि तिच्यासाठी वेगळा नियम ठेवायचा.

हे सगळं तपासायला खरा व्हायरस लागत नाही. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे, स्पॅमसाठी जीट्यूब नावाची ओळ आहे. ती दिसली की स्पॅमअसॅसिन हजार गुण देतो. दोन्ही बाहेरच्या खात्यावरून पाठवून पाहावीत. त्यानंतर क्लॅमएव्ही मुद्दाम बंद करून एक साधं पत्र पाठवावं, आणि ते आत शिरतं, रांगेत थांबतं की परत जातं, हे लॉगमध्ये बघावं.