सडपातळ अंगातली चरबी

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. अंगकाठी जवळपास सारखीच. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3, म्हणजे रूढ मापाने दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली, तेव्हा मात्र युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के.

लठ्ठपणा म्हटला की सुटलेलं पोट आणि बसून खाणारी सुखवस्तू माणसं आठवतात. आपल्याकडचा लठ्ठपणा एवढ्यात मावत नाही. तो पुष्कळदा अर्धपोटी आईच्या गर्भातच सुरू होतो, आणि म्हणून तो ज्याच्या त्याच्या संयमावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतून आला. 1993 साली याज्ञिकांच्या चमूने तिथल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक सोबत होते. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे 42 किलो. शेतातली कामं, पाणी भरणं, घरचं सगळं दिवस भरत आले तरी चालूच. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोंची, तर साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. खरा धक्का पुढे होता. पुण्याच्या बाळांचे दंड बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयवही लहान. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली त्वचेची घडी धरून मापली, तर तिथली चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच. पुढे पुण्यातल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर त्यात इन्सुलिनही लंडनच्या बाळांपेक्षा जास्त सापडलं. जन्मतःच किडकिडीत, आणि जन्मतःच चरबीदार.

आयांच्या ताटाचा हिशेबही या चमूने बारकाईने ठेवला. ज्या बायका पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात, त्यांची बाळं अंगापिंडाने मोठी होती. नुसत्या उष्मांकांनी फारसा फरक दिसला नाही. शिवाय दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. गोठ्यात म्हैस असली तरी दूध डेअरीवर जातं आणि घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं, हे आपण पाहत आलोच आहोत. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड) भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली.

अशा मुलाचं पुढे काय होतं, याचं उत्तर दिल्लीतल्या एका दीर्घ अभ्यासाने दिलं. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडली, ते लहानपणी गुबगुबीत नव्हते. दोन वर्षांचे होईपर्यंत ते बारीक होते आणि नंतर त्यांचा बीएमआय भराभर चढत गेला होता.

तरीही आपल्या योजना कुपोषण एका कप्प्यात आणि लठ्ठपणा दुसऱ्या कप्प्यात ठेवतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या वा लठ्ठ निघाल्या, 18.7 टक्के गरजेपेक्षा हडकुळ्या, आणि 57 टक्के रक्तक्षयाच्या. त्याच घरांत पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय 25 वर आणि कमरेची पुरुषांना 90, स्त्रियांना 80 सेंटिमीटरवर धरतात. टेपला खर्च नाही. मग सरकारी दवाखान्यात वजनासोबत कंबर का मोजू नये? अंगणवाडीतही वजन वाढलं की हायसं वाटतं. उंची त्या बेताने वाढली का, हे तितक्याच आस्थेने पाहिलं जायला हवं.

बाजारही सोडता येत नाही. मेक्सिकोने 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. चिलीने 2016 मध्ये जादा साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आणि असा माल शाळांमधून हटवला. आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये कोल्ड्रिंकवरचा जीएसटी 40 टक्क्यांवर नेला, हे चांगलं झालं. पण त्याच दिवशी बिस्किटं, भुजिया आणि इन्स्टंट नूडल्स 5 टक्क्यांवर आली. पाकिटावर काय छापायचं यावर 2022 मध्ये मसुदा निघाला तो ताऱ्यांनी दर्जा दाखवण्याचा. तारा पाहून गिऱ्हाईक सावध होत नाही. खेड्यातल्या दुकानाबाहेर लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळेवर इशारा हवा, तोही वाचता न येणाऱ्याला कळेल असा.

पुण्याच्या त्या सहा गावांत जन्मलेली बाळं मोठी झाली, तेव्हा 2012 मध्ये याज्ञिकांच्या चमूने त्यांच्यावरच नवा प्रयोग सुरू केला: मुलामुलींना, स्वतः आईबाप होण्याआधीच, बी-12 द्यायचं. मला ही वेळ फार महत्त्वाची वाटते, कारण बाईला दिवस गेल्याचं कळून ती दवाखान्यात पोचते तोवर बाळाची जडणघडण बरीच पुढे गेलेली असते. किशोरवयीन मुलींना सरकारकडून दर आठवड्याला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. तिच्यात बी-12 नाही. ते घालावं का, याचा निर्णय आरोग्य खात्याने आता टाळू नये, आणि तोवर मुलीच्या ताटात भाकरीबरोबर पालेभाजी आणि वाटीभर दही पडावं, एवढी सोय शाळेतल्या पोषण आहारातूनही करता येईल.