‘पॅच’ मर्ज झाला का, भो?

शुक्रवारी रात्री पुण्याहून जळगाव-धुळ्याकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये एक चक्कर मारा. जिकडेतिकडे लॅपटॉपच्या बॅगा. ऑफिसात टीएल ज्यांच्या कोडची रोज चिरफाड करतो, तीच ही मंडळी. त्यातलाच एखादा शनिवारी दुपारी भरीत-पुरी हाणून पुन्हा लॅपटॉप उघडतो... आणि एक छदामही न मिळणारं काम करत बसतो. ओपन सोर्सचं! आई विचारते, ‘सुट्टीच्या दिवशीही तेच?’ आता तिला काय सांगणार?

फंडा तसा सोपा आहे. लिनक्स, फायरफॉक्स यांचा कोड सगळ्यांसाठी खुला. चूक दिसली की दुरुस्ती कुणीही पाठवायची. त्या दुरुस्तीचं नाव पॅच. पाठवू कुणीही शकतं, पण आत जायचं तर मध्ये रिव्ह्यूअर उभा असतो. सराफ बाजारात सोनं कसोटीवर घासतात तेव्हा आपण चिडत नाही ना? इथेही चिडायचं नाही.

समजा, एखाद्या अ‍ॅपच्या मराठी मेन्यूत ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ छापलंय. तुमच्या डोळ्यांना लगेच खुपतं. पण फिनलंडमधल्या रिव्ह्यूअरला दोन्ही शब्द सारखेच! ‘टायपो फिक्स्ड’ एवढंच लिहून पाठवलंत, तर तो बिचारा काय समजणार? म्हणून पॅचसोबतच्या मेसेजमध्ये ‘काय बदललं’ याहून ‘का बदललं’ हे महत्त्वाचं. त्याला सांगा की मराठीत ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. एका ‘र’ने माणूस बदलतो. युनिकोडमध्ये हा ‘र’ ‘ऱ’ आणि हलन्त जोडून लिहितात, हेही सांगा. चार ओळींत काम फत्ते.

आता मोह होतो की हात लागलाच आहे, तर ‘प्राधान्ये’ हा बोजड शब्दही काढून टाकू. नको! एका पॅचमध्ये एकच गोष्ट. ‘र’वर कुणाचं दुमत नाही, ‘प्राधान्ये’वर मात्र आठवडाभर वाद होईल आणि त्यात बिचारा ‘र’ही लटकेल.

प्रत्येक प्रकल्पाचे नियम वेगळे असतात. भाषांतरासाठी काही ठिकाणी स्वतंत्र वेबसाइट असते, म्हणून नियमांची फाइल आधी वाचा. लिनक्स कर्नलचे नियम सगळ्यात कडक. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलनेच पाठवायचा, विषयाची ओळ साधारण 70-75 अक्षरांत बसवायची, आणि भाषा कोडला हुकूम सोडल्यासारखी... ‘दुरुस्त केलं’ नाही, ‘दुरुस्त कर’! शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून आपलं नाव. ही ओळ 2004 पासून आली. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशी ती कबुली असते.

मग वाट पाहायची. कर्नलचे नियम सांगतात, आठवण करायच्या आधी निदान एक आठवडा थांबा. उत्तर आलं की प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या, पटत नसेल तर कारण द्या, आणि सुधारलेला पॅच ‘व्ही 2’ म्हणून पाठवा. काय बदललं तेही लिहा. अप्रेझलपेक्षा हे बरं, इथे निदान शेरे सगळ्यांसमोर असतात!

आपल्याकडे घाई मात्र जाम. 2020 मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’च्या फुकट टी-शर्टसाठी लोकांनी फालतू बदलांचा इतका पाऊस पाडला, की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. 2024 च्या सुमारास ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पावर पोरांनी चक्क स्वतःची नावं माहितीच्या फाइलमध्ये घालून पाठवली. एका भारतीय यूट्यूब ट्युटोरियलमध्ये तसं करून दाखवलं होतं म्हणे. रेझ्युमेत एक ओळ वाढली असेल, पण तो कचरा उपसणाऱ्याचा शनिवार गेला त्याचं काय?

कारण तो उपसणारा अनेकदा एकटाच असतो. ‘एक्सझेड’ हे फाइल्स दाबून छोट्या करणारं सॉफ्टवेअर असंच एका माणसाच्या खांद्यावर होतं. 2022 मध्ये त्याने आपलं मन थकल्याचं लिहिलं, तरी लोक ‘पॅच कधी घेणार?’ म्हणून मागे लागले होते. ‘जिया तान’ नावाने वावरणाऱ्या कुणीतरी गोड बोलून, कामाचे पॅच देऊन त्याचा विश्वास मिळवला आणि पुढे चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, अशी शंका आली, म्हणून जग वाचलं. अर्धा सेकंद, बॉस!

म्हणून माझं ऐकाल तर पॅच पाठवण्याआधी दुसऱ्याचा एखादा तपासा. कर्नलमध्ये चालवून पाहणाऱ्यासाठी ‘टेस्टेड-बाय’ आणि वाचून मान्य करणाऱ्यासाठी ‘रिव्ह्यूड-बाय’ अशा वेगळ्या ओळी आहेत. तिथेही नाव कायमचं राहतं. मराठीचे पॅच तर वाचता येणारं माणूस असेल तरच पुढे सरकणार. आणि अहिराणी? भाषांच्या आयएसओ यादीत तिला ‘एएचआर’ हा स्वतःचा कोड आहे. उद्या कुणी अहिराणीत मेन्यू करून पाठवला, तर तो बरोबर की चूक हे फिनलंडवाला सांगू शकणार नाही. त्यासाठी त्या ट्रॅव्हल्समधलंच कुणीतरी लागेल.