सभासदांच्या दारचा टेम्पो : निगा आणि हिशेब



ऊस विकास खात्याच्या माणसाने लागण, बेणे, खत आणि पाणी यांवर लिहावे, असा या पानाचा रिवाज आहे. या वेळी मात्र आम्ही गाडीवर लिहीत आहोत. कारण असे की, शिवारफेरीला गेलो की अलीकडे दर दोन-चार वस्त्यांआड गोठ्याशेजारी एक पिकअप उभी दिसते. कुणी उसाची रोपे पोचवतो, कुणी ऊस तुटून गेल्यावर भाजीपाला नेतो, कुणी दूध. गाडी घेताना पेढे वाटले जातात, आणि दोन-तीन वर्षांनी तोच सभासद गट कार्यालयात येऊन म्हणतो, "साहेब, उसाचं बिल सगळं गाडीत गेलं." ऊसबिल गाडीत जाऊ लागले म्हणजे विषय आमच्या खात्याचा झालाच.

आम्ही मिस्त्री नव्हे. पण खात्याच्या गाड्या वापरताना आणि रोपांच्या खेपा भाड्याने देताना जे पाहिले, विचारले आणि चुकून शिकलो, ते येथे सांगतो.

आपल्याकडे मालाच्या कोणत्याही लहान गाडीला टेम्पो म्हणतात. हे मुळात जर्मनीतल्या हांबुर्गच्या कंपनीच्या गाडीचे नाव. त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून तीनचाकी टेम्पो इकडे आणला, पुढे मॅटॅडोर आली. कंपनीचे नाव २००५ साली बदलले, पण टेम्पो हा शब्द काही आपल्या तोंडातून गेला नाही. त्याच साली टाटांची एस आली आणि तिला लोकांनी छोटा हत्ती करून टाकले. नाव हत्ती पडल्यामुळे की काय, तिच्यावर हत्तीचे ओझे लादण्याची सवयही लागली!

तेव्हा आधी ओझ्याचेच पाहू. गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. दोन्हींतला फरक म्हणजे आपण घालू शकतो तो माल. समजा भरलेले वजन २,९९० किलो आणि रिकामे १,६९० किलो आहे, तर माल बसतो १,३०० किलो. डीएपीच्या ५० किलोच्या गोण्या २६ झाल्या की संपले. हौद्यात जागा उरली म्हणून आणखी दहा टाकणे म्हणजे पाट्यांवर, टायरवर आणि ब्रेकवर ५०० किलोचा बोजा आणि कायद्याचा बडगा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. त्या दहा गोण्यांचे भाडे किती येणार, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माल भरायची रीतही आहे. जड वस्तू पुढे केबिनकडे आणि तळाला. फाळक्याच्या बाहेर माल लोंबू लागला, की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगते. सपाटीला ते कळत नाही, वळणावर कळते.

आता ब्रेककडे येतो. खरे सांगायचे तर हा लेख लिहायला कारणही तेच झाले. आमच्याच गटातले एक सभासद टोमॅटोचे क्रेट घेऊन कऱ्हाडहून चिपळूणला निघाले होते. कुंभार्ली घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल केली आणि नुसत्या ब्रेकवर सोडली. निम्म्या घाटात पेडल एकदम मऊ झाले, स्पंजावर पाय ठेवल्यासारखे. दुसऱ्यांदा दाबले तर तळाला गेले. त्या माणसाने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली म्हणून दरी वाचली. त्यांचा खांदा मोडला. मागे क्रेटवर, पाटणला हात केला म्हणून बसवून घेतलेले दोघे होते. त्यातल्या धाकट्याचा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला, अजून तो काठीशिवाय चालत नाही.

फिटरने गाडी उघडली तेव्हा लायनर निम्मे शाबूत होते. दोष निघाला ब्रेकच्या तेलात. चार वर्षे तेल बदललेच नव्हते. हे तेल हवेतली ओल ओढून घेते, मीठ पावसाळ्यात पाणी धरते तसे. डॉट ३ प्रतीचे तेल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की तीच मर्यादा १४० अंशांच्या आसपास येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून चाकाजवळचे भाग तापतात, तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, ते जोर पुढे चाकाकडे पोचवते. वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल मऊ होते आणि चाकाला जोर पोचतच नाही. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतात, त्यामुळे पुष्कळांना वाटते की काही झालेच नव्हते. तेल दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. खर्च काही शेकड्यांत आहे.

न्यूट्रलबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. आजच्या डिझेल गाड्यांत तेलाची फवारणी संगणकाच्या ताब्यात असते. गाडी गिअरमध्ये असून ऍक्सिलरेटरवर पाय नसेल, तर उतारावर इंजिनाला डिझेल जवळजवळ पूर्ण बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतेच. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगला ती बचत उलटीच! इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक. ब्रेकला मदत करणारी निर्वात टाकी दोन-तीन दाबांत रिकामी होते आणि मग पेडल दगडासारखे घट्ट लागते. जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेल्या गाडीला ते आजही लागू आहे.

आता त्या मागे बसलेल्या दोघांविषयी. खेड्यात कुणी हात केला तर नाही म्हणणे जड जाते, हे आम्हांलाही कळते. आम्हीही बसवलेले आहेत. पण मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. हमालासाठी जादा हप्ता भरला असेल तर तोही येतो. फुकट किंवा पैसे घेऊन बसवलेला प्रवासी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस दिलेल्या निकालात हेच सांगितले आहे. भरपाई शेवटी मालकाच्या अंगावर येते. आमच्या त्या सभासदाचे प्रकरण दावा न्यायाधिकरणात चालू आहे आणि त्यांनी अर्धा एकर विकायला काढला आहे. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची माणसे, खुरपणीच्या बाया हौद्यात बसवताना हे ध्यानात असू द्या.

लायसनविषयी आम्हांला वारंवार विचारतात म्हणून एवढेच सांगतो : हलक्या मोटारीचे लायसन असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवायला वेगळा शेरा लागत नाही, असे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. भरलेले वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही. फिटनेस मात्र लागतो. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. तो संपलेला असताना अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट दाखवते.

रोजची निगा दहा मिनिटांची आहे. सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची काडी पाहावी, रेडिएटरच्या टाकीची पातळी पाहावी, गाडीखाली कुठे थेंब पडलेत का ते वाकून बघावे. टायरमधली हवाही थंड असतानाच मोजावी. गाडी धावून आल्यावर हवा तापून जास्त दाखवते, आणि "जास्त झाली" म्हणून काढली की सकाळी टायर कमी भरते. हवा किती ठेवायची ते पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर असते, मागच्या चाकांना भरल्या गाडीत जास्त लागते. आठवड्याला चाकाचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट तपासावेत. आपल्या वस्तीच्या रस्त्यांवर ते सैल होतातच. चिखलातून आल्यावर गाडीचे पोट धुवावे आणि धुतल्यावर ग्रीस मारावे, धुण्याआधी नव्हे.

एअर फिल्टरचा शत्रू आपल्याकडचा फुफाटा. कागदी फिल्टर आपटून साफ करू नये, आतला कागद फाटतो आणि धूळ सरळ इंजिनात जाते. डिझेलच्या फिल्टरखाली पाणी साठते, त्याचा नळ ठरल्या वेळी सोडावा. शेतावर ड्रममध्ये साठवलेले डिझेल घालणाऱ्यांनी तर विशेष. उसाच्या कडेला गाडी उभी करणाऱ्यांना आणखी एक त्रास आहे, उंदरांचा. तोड झाली की ते शिवारातून गाडीत शिरतात आणि वायरी कुरतडतात. आमच्या खात्याच्या जीपचा हॉर्न एकदा आपोआप वाजू लागला, तो या मंडळींच्या कृपेने. उभी गाडी दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहावी.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची एक वेगळी गोष्ट आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावे लागते. आपली गाडी काय करते? वस्तीवरून डेअरी, डेअरीवरून वस्ती. तेवढ्यात ती तापतही नाही. मग काजळी साठते आणि समोर दिवा लागतो. दिवा लागला की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर एक सलग फेरी मारावी. त्याकडे दुर्लक्ष केले तर गाडीचा जोर कमी होतो, आणि शेवटी फिल्टर बदलण्याची पाळी येते. तो खर्च गोठ्यातल्या म्हशीच्या किमतीशी स्पर्धा करतो. काही मिस्त्री तो फिल्टर फोडून पोकळ करून देतात. तसे करणे बेकायदा आहे. ऑइलसुद्धा अशा गाडीला कमी राखेचे, पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच घालावे. ट्रॅक्टरच्या डब्यातले उरलेले ओतू नये.

आता हिशेब. येथेच बहुतेकांचे चुकते. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालावेत. समजा डिझेल ९२ रुपये आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये ६७ पैसे. चार टायर २८,००० रुपयांचे आणि ४०,००० किलोमीटर चालले, म्हणजे ७० पैसे. सर्व्हिसिंग व दुरुस्ती ८० पैसे धरू. महिन्याला २,५०० किलोमीटर चालत असेल आणि हप्ता १५,००० असेल, तर किलोमीटरला ६ रुपये. ड्रायव्हर १२,०००, म्हणजे ४ रुपये ८० पैसे. विमा, कर, फिटनेस मिळून वर्षाला ४०,००० धरले तर १ रुपया ३३ पैसे. बेरीज २१ रुपये ३० पैसे.

चिपळूणची जाऊन-येऊन खेप २०० किलोमीटरची धरली, तर खर्च ४,२६० रुपये. आपला सभासद भाडे ठरवतो ३,८००. डिझेलचे साधारण १,५३३ वजा करतो आणि २,२६७ सुटले म्हणून खूश होतो. प्रत्यक्षात ४६० रुपये पदरचे गेले. स्वतः गाडी चालवली तर ड्रायव्हरचे ९६० वाचतात आणि खेप जेमतेम तरते, पण ती आपली मजुरी झाली, गाडीची कमाई नव्हे. गाडी महिन्याला निम्मीच चालली तर हप्ता, ड्रायव्हर आणि विमा किलोमीटरमागे दुप्पट होतात आणि तोच आकडा ३३ रुपयांवर जातो. म्हणून येताना रिकामे येऊ नये. चिपळूणहून परतीचा माल ठरला असेल तरच पहिल्या भाड्यात सूट द्यावी.

ऍव्हरेज काढताना अंदाज नको. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा आणि घातलेल्या लिटरने भागा. ऍव्हरेज अचानक घसरले तर फिल्टर, हवा किंवा चिकटलेला ब्रेक यांपैकी काहीतरी आहे असे समजावे. वही नसेल तर हे महिनाभर कळतच नाही.

तारीख, किलोमीटर, डिझेल, भाडे आणि दुरुस्ती असे रकाने असलेला वहीचा नमुना आम्ही तयार केला आहे. ब्रेकचे तेल बदलल्याच्या तारखेचा रकाना पहिल्याच पानावर आहे. नमुना सर्व गट कार्यालयांत ठेवला असून, ज्यांना हवा त्यांनी आपल्या चिटबॉयकडे मागावा.