योगवर्ग निवडताना

दिवाळीचा फराळ संपत आला, पहाटेची थंडी जाणवू लागली, की घरोघरी ‘आता योग सुरू करायचाच’ असे बेत ठरतात. मग गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते : कुठला? सोसायटीच्या हॉलमध्ये हठयोग, चौकातल्या स्टुडिओत पॉवर योगा, मोबाइलवर विन्यास आणि शेजारच्या काकू सांगतात, ‘अय्यंगारच कर.’ नवख्याला वाटतं, यातली एकच पद्धत खरी असणार आणि आपली निवड चुकली तर सगळंच चुकणार. या पद्धती जन्माला कशा आल्या ते पाहिलं, की ही धास्ती उरत नाही.

१९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत टी. कृष्णम्माचार्य शिकवत होते. समोर तरुण, चपळ मुलं. त्यांना त्यांनी श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात नेणारा जोमदार अभ्यास दिला. त्यांचे शिष्य पट्टाभी जोईस यांनी म्हैसुरात राहून हीच वाट पुढे नेली. तिला आज अष्टांग विन्यास म्हणतात. आसनांचा क्रम ठरलेला, बहुतेक आसनांत पाच श्वास थांबायचं आणि लगेच पुढे. घाम निथळतो, दमसास वाढतो. पॉवर योगा नावाने जे शिकवलं जातं, त्याचं मूळ बरंचसं इथेच आहे.

त्याच गुरूंचे दुसरे शिष्य आणि मेहुणे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले. लहानपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षयाने त्यांचं शरीर खंगवलं होतं, त्यामुळे दुखऱ्या शरीराची अडचण त्यांना आतून ठाऊक होती. पुढे त्यांच्याकडे सर्व वयांचे, नाना व्याधींचे लोक येऊ लागले आणि विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड ही साधनं योगात आली. त्रिकोणासन घ्या. नवखा माणूस हात जमिनीला टेकवायच्या हट्टापायी गुडघा वाकवतो, छाती खाली पाडतो आणि मान आवळतो. अय्यंगार वर्गात शिक्षक त्याच्या पावलाशेजारी लाकडी वीट उभी ठेवतात आणि मागची टाच भिंतीला लावायला सांगतात. हात विटेवर येतो, गुडघा सरळ होतो, बरगड्या उघडतात, श्वास मोकळा होतो. जमीन तेवढी वर आली, बाकी आसन तेच.

कृष्णम्माचार्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी चेन्नईत तिसरी वाट धरली : एकेका व्यक्तीचं वय, आजार, दिनक्रम पाहून तिच्यापुरता अभ्यास आखून द्यायचा. गुरू एकच, पद्धती तीन. कारण समोर बसलेली माणसं निराळी होती.

महाराष्ट्रातही असंच घडलं. मालसरच्या परमहंस माधवदासांच्या दोन शिष्यांपैकी श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत द योग इन्स्टिट्यूट काढली. ती आज सांताक्रूझला आहे, आणि संसारी माणसाला झेपेल असा साधा योग हा तिचा पाया. दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांत आत काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापलं. या परंपरेतल्या वर्गांत आसनं सावकाश, बेताने होतात. झटके नाहीत, चढाओढ नाही. नागपूर आणि विदर्भात जनार्दनस्वामींच्या प्रेरणेने चालणारे विनामूल्य वर्ग याच साधेपणाने चालतात.

मग तुमच्यासाठी काय? वय तिशीच्या आत, शरीर निरोगी आणि व्यायामाची सवय असेल, तर विन्यास खुशाल करा. मात्र आधी दोनतीन महिने संथ वर्गात आसनांची नीट ओळख करून घ्या. पाठ, मान, गुडघे कुरकुरत असतील, तर साधनांसह शिकवणारा अय्यंगार वर्ग उत्तम. वर्षानुवर्षं हालचालच नसेल किंवा साठी उलटली असेल, तर कैवल्यधामसारखा संथ अभ्यास किंवा मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाची पवनमुक्तासन मालिका बरी. ती पायाच्या बोटांपासून सुरू होऊन एकेक सांधा मोकळा करत जाते. झोप आणि मनाचा ताण हीच मुख्य तक्रार असेल, तर शवासन, योगनिद्रा आणि सौम्य प्राणायामाला भरपूर वेळ देणारा वर्ग शोधा.

काही पथ्यं मात्र सगळीकडे सारखीच. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरू नये आणि जोरदार कपालभाती करू नये. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको. मणक्यातली चकती सरकली असेल तर पुढे वाकायची घाई नको. गरोदरपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर आधी डॉक्टरांना विचारावं. पोटभर जेवणानंतर तीनचार तास जाऊ द्यावेत. सूर्यनमस्काराचा आकडा वाढवण्याआधी एक नमस्कार श्वासासकट नीट जमवावा.

पद्धत मनात ठरली तरी पैसे भरण्याआधी एक वर्ग कडेला बसून पाहा. शिक्षक स्वतःच आसनं करत राहतात, की वर्गात फिरतात? मागच्या रांगेतल्या बाईंचा गुडघा आत वळतोय, हे त्यांच्या लक्षात येतं का? एखाद्याला आसन जमलं नाही तर सोपा पर्याय देतात, की वरून दाबतात? शेवटच्या शवासनाला पुरेसा वेळ मिळतो, की पुढची बॅच दारात उभी असते? वर्ग चांगला असेल तर संपल्यावर अंग हलकं वाटतं आणि श्वास शांत होतो. स्नायू थोडे अवघडतील, ते साहजिक आहे. सांध्यात कळ येता कामा नये.

आणि पहिल्या दिवशी, पहिल्या आसनाआधी, शिक्षकांनी ‘काही दुखतंय का, कसलं औषध चालू आहे का?’ असं विचारलं, उत्तर नीट ऐकून घेतलं आणि त्याप्रमाणे अभ्यासात बदल केला, तर त्या वर्गाला निर्धास्त नाव घाला. पाटीवर पद्धतीचं नाव कुठलंही असो.